कंठ फुटण्याचा गुन्हा

डोंबिवली पूर्वेतल्या चित्राच्या घरात दही येणं बंद होऊन बराच काळ लोटला होता. चिंच बंद, लोणचं बंद, फ्रीजमधलं पाणी बंद. खाली मैदानात खेळायला जायला परवानगी होती, पण ओरडायची नव्हती. समोरचा फलंदाज ढळढळीत आउट असला तरी गप्प उभं राहायचं. हे सगळे नियम तेरा वर्षांच्या अद्वयसाठी होते, कारण अद्वय गात होता, आणि त्याचं गाणं आता फक्त त्याचं राहिलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी चित्रा ओट्याशी घावन घालत होती. आतल्या खोलीत स्पीकरवर गाण्याचा ट्रॅक लागला होता आणि अद्वय त्यावर गात होता. अंतरा वर चढला की त्याचा आवाज चिरत होता. एकदा चिरला, त्याने ट्रॅक मागे नेला. दुसऱ्यांदा चिरला तेव्हा बराच वेळ नुसता ट्रॅकच वाजत राहिला.

"परत घे," बाहेरच्या खोलीतून विश्राम म्हणाला. तो मुलाच्या कुर्त्याला इस्त्री करत होता.

"बाबा, वर जातच नाहीये."

"जात नाहीये म्हणजे काय? गणपतीत गेलेला ना? सगळं मंडळ उभं राहिलेलं ऐकायला. परत घे."

अद्वयने परत घेतला. आवाज वर गेला आणि पायाखालची फळी मोडावी तसा खाली आदळला. चित्राने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"अरे, त्याला कंठ फुटतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "ओठावर लव आलीय, बघितलीस का? पँटी आखूड झाल्या सगळ्या. हे होणारच आहे."

"सर काही बोललेत का तसं?"

"नाही."

"मग. त्यांना कळतं."

विश्राम वाईट माणूस नव्हता. विमा कंपनीच्या कचेरीत वर्षानुवर्षं मान खाली घालून काम करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दोन वर्षांपूर्वी अद्वयने एका स्पर्धेत पहिला नंबर काढला आणि सोसायटीतले लोक त्याला 'अद्वयचे बाबा' म्हणून थांबवू लागले. कचेरीत साहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावून मोबाइलवरचं गाणं ऐकवायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्याकडे वळून बघत होते. ते सुख मुलाच्या गळ्यातून येत होतं, आणि तो गळा आता बदलत होता. विश्रामला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याला ते बघायचं नव्हतं.

त्यात एका वाहिनीने मुलांची गाण्याची स्पर्धा जाहीर केली होती. अट एकच, मूल चौदाच्या आतलं हवं. अद्वयला चौदावं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते. दिवाळीनंतर अकादमीचा वार्षिक कार्यक्रम होता आणि वाहिनीची माणसं तिथे येऊन मुलं निवडणार होती.

अकादमी ठाण्याला होती, 'स्वरझेप' नावाची, हरिहर सरांची. टेंभी नाक्यावर तेव्हा नवरात्राच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते, त्यातून वाट काढत चित्रा आणि विश्राम त्याच दिवशी अद्वयला घेऊन दुपारच्या वर्गाला पोहोचले. जिना चढताना भिंतीवर टीव्हीवर चमकलेल्या विद्यार्थ्यांचे मोठे फोटो होते. वर एकच लांब खोली. मुलं सतरंजीवर, पालक मागे खुर्च्यांवर. तानपुरा कोपऱ्यात होता, गवसणीत. मुलं एकेक करून माइकपाशी यायची, ट्रॅक लागायचा, आणि सर हात वर करून सांगायचे, "फेक, फेक, आवाज फेक."

आपल्याकडे एक रीत आहे. भेंडी घेताना आपण तिचं टोक मोडून बघतो. आंबा नाकाशी धरतो. रिक्षावाल्याने दोन गल्ल्या लांबून नेलं तर हुज्जत घालतो. पण गुरूच्या दारात चपला काढल्या की अक्कलही तिथेच काढून ठेवतो. हा माणूस काय शिकवतो, कसा शिकवतो, लहान गळा आणि वाढता गळा यांतला फरक त्याला ठाऊक आहे का, हे कुणी विचारत नाही. किती पोरं टीव्हीवर गेली, एवढंच विचारतात. हरिहर सर या रीतीवर मोठे झाले होते.

अद्वय माइकपाशी गेला. अंतऱ्याला आवाज चिरला. सरांनी ट्रॅक थांबवला.

"आज वर्गात रेडा कुणी आणलाय?" सरांनी विचारलं.

मुलं हसली. मागे पालक हसले. चित्राने शेजारी पाहिलं. विश्रामही हसत होता, कसनुसं, सगळे हसतात म्हणून. अद्वयने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"पुन्हा," सर म्हणाले. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा गायला लावलं. अद्वयच्या मानेच्या शिरा टरारून फुगत होत्या. शेवटी चित्रा उठली.

"सर, त्याच्या आवाजाचं वय आहे. पट्टी थोडी खाली घेतली तर?"

त्या खोलीत आजवर कुणी पालक असा उभा राहिला नव्हता.

"आई, तुम्ही शाळेत गणित शिकवता ना?" सर हसून म्हणाले. "मी येतो का तुमच्या वर्गात गणित शिकवायला? पट्टी खाली घेतली की गाण्यातली चमक गेली. रियाज कमी पडतोय त्याचा. लक्ष नाही. घरात लाड होतायत." मग ते विश्रामकडे वळले. "बाबा, ज्याच्या घरात गुरूवर शंका घेतात, त्या घरात विद्या टिकत नाही."

विश्रामचा चेहरा पडला. त्याने चित्राच्या कानाशी वाकून म्हटलं, "पाया पड आणि विषय संपव. मुलाचं नुकसान होईल."

आणि चित्राने, गणितात एम.एस्सी. केलेल्या, वर्गात मुलांना 'का' विचारायला शिकवणाऱ्या चित्राने, वाकून त्या माणसाच्या पायाला हात लावला. पालक समाधानाने खुर्च्यांवर टेकले.

जिना उतरताना ती एका फोटोपाशी थांबली. दोन वेण्या घातलेली, हातात चषक धरलेली मुलगी. खाली नाव होतं, ऋजुता. चित्राला ती टीव्हीवर पाहिलेली आठवली. सगळ्या महाराष्ट्राने मतं दिली होती तिला.

"ही हल्ली कुठे गाते?" तिने बरोबर उतरणाऱ्या एका आईला विचारलं.

"सोडलं तिने. अभ्यासामुळे," ती बाई म्हणाली आणि झपझप खाली गेली.

हे उत्तर चित्राला पटलं नाही. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीतून तिने पत्ता काढला. ऋजुता आपल्या आईबरोबर आंबिवलीला राहत होती. एका संध्याकाळी चित्रा तिथे गेली. ऋजुताची आई, सोनल, पाळणाघर चालवायची. तिने चहा ठेवला, खुर्ची पुसून दिली, पण चित्राने अद्वयबद्दल सांगून सरांचं नाव काढल्यावर तिचा सूर बदलला.

"सरांनी लय केलं हो आमच्यासाठी. पोरीचा अभ्यास वाढला म्हणून थांबवलं आम्हीच."

"मम्मी, खोटं नको बोलूस," आतून कुणीतरी म्हणालं.

चित्रा दचकली. तो आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला. जाड, कोरडा, मध्येच हवा निसटणारा. पडदा सारून बाहेर आली ती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती.

"गाठी झालेल्या घशात," ऋजुता म्हणाली. प्रत्येक वाक्यानंतर तिला थांबावं लागत होतं. "ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलले, सहा महिने गाऊ नको. सर बोलले, डॉक्टरला गाणं काय कळतं. शो होता ना. मी गेलेले. गायले पण. त्याच्यानंतर मग हे असं."

"अगं, गुरूबद्दल असं बोलू नये," सोनल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सांगून काय उपयोग? लोक आम्हालाच हसतील. पोरीचं लग्न व्हायचंय."

"सांगितलं असतंस तर काकूंचा मुलगा तिथे गेला नसता," ऋजुता म्हणाली.

सोनलने पदर तोंडाला लावला. त्या खोलीत एका आईने सोसलेलं होतं, दुसरी सोसायच्या वाटेवर होती, आणि दोघींनाही आजवर गप्प राहणं हेच संस्कार वाटत आले होते. अशी किती घरं असतील? आपल्या मुलांची मोडतोड झाकून ठेवायची आणि मोडणाऱ्याच्या अब्रूला जपायचं, याला आपण श्रद्धा म्हणतो.

निघताना ऋजुताने एक नाव सांगितलं. कल्याणला जुन्या गावभागात राहणाऱ्या सुमतीबाई. "त्यांच्याकडे गर्दी नसते. त्या टीव्हीवर पाठवत नाहीत कुणाला. मी गेलेले, पण उशिरा."

पुढच्या शनिवारी चित्रा अद्वयला घेऊन कल्याणला गेली. विश्रामला तिने सांगितलं नाही. सुमतीबाई सत्तरीच्या, आयुष्यभर गाणं शिकवलेल्या, बोलणं नेमकं. त्यांनी अद्वयला गायला सांगितलंच नाही. शाळेबद्दल विचारलं, क्रिकेटबद्दल विचारलं, आणि तो बोलत असताना डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत राहिल्या. मग तानपुरा जुळवला आणि म्हणाल्या, "तुला सोपं वाटेल त्या सुरात नुसता हुंकार दे. मोठ्याने नको."

अद्वयने हुंकार दिला. तो खूप खाली होता, दबलेला आणि खरखरीत, पण थरथरत नव्हता. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"हा तुझा नवा आवाज आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "अजून पुरता आलेला नाही. वाटेत आहे. वाटेतल्या माणसाला ओझी उचलायला लावायची नसतात."

मग त्या चित्राशी बोलल्या. "आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ही खरखर नुसती वयाची नाही, सूज आहे. पुढे वर्षभर मंचावर गाणं नाही. ऐकणं, थोडा खर्ज, लय. आवाज स्थिर झाला की बघू कोणत्या पट्टीत बसतो. आणि एक स्पष्ट सांगते. तो गवई होईलच असं मी कबूल करत नाही. जो शिक्षक पहिल्याच दिवशी असं कबूल करतो, त्याच्यापासून मुलाला दूर ठेवावं."

परत येताना गाडीत अद्वय खिडकीपाशी बसला. मग म्हणाला, "आई, त्या हसल्या नाहीत."

घरी चित्राने विश्रामला सगळं सांगितलं. ऋजुताचा आवाज, सुमतीबाईंचा सल्ला, डॉक्टरांकडे जायची निकड. विश्रामने ऐकून घेतलं.

"कार्यक्रम तोंडावर आलाय," तो म्हणाला. "एवढा एक होऊ दे. मग तू म्हणशील ते. नाव छापलंय त्याचं."

"आणि काही झालं तर?"

"एका गाण्याने काय होतंय?"

"आई, मी करतो एवढं," अद्वय मध्येच म्हणाला. "नाहीतर सर सगळ्यांसमोर बोलतील परत."

चित्रा पुन्हा गप्प बसली. तिचं हे दुसऱ्यांदा गप्प बसणं सगळ्यांत महाग पडलं.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस अद्वयचा आवाज अचानक मोकळा झाला. खरखर गेली, वरचे सूर लागू लागले. विश्राम आनंदाने घरभर फिरत होता. "बघ, विश्वास ठेवला की असं होतं," तो म्हणाला. चित्राला आनंद झाला नाही. फक्त भीती वाटली, आणि ती कशाची हे तिला सांगता येईना.

ठाण्यातलं सभागृह खचाखच भरलं होतं. सुरुवातीला गुरुपूजन झालं. मुलांनी एकामागून एक येऊन चांदीच्या तबकात सरांचे पाय धुतले. निवेदिका सद्गदित होऊन गुरुमहिमा सांगत होती. पहिल्या रांगेत वाहिनीची माणसं मोबाइल बघत बसली होती.

अद्वयची पाळी आली. मुखडा सुरेख झाला, टाळ्या पडल्या. अंतरा सुरू झाला. विंगेत उभ्या असलेल्या सरांनी हाताने खूण केली, वर. अद्वयने मान ताणली, सूर पकडला आणि दुसऱ्याच क्षणी तो सूर तुटला. पुढे त्याचं तोंड हलत होतं आणि माइकमधून नुसती हवा येत होती. ट्रॅक चालूच होता. त्याने गळ्याशी हात नेला. सर अजून खूण करत होते, वर, वर.

आणि लोक टाळ्या वाजवू लागले. मुलाला धीर यावा म्हणून, तालात. मागून कुणीतरी ओरडलं, "कम ऑन अद्वय." शेकडो सुशिक्षित माणसं, घरी आपापली मुलं असलेली, एका मुलाचा गळा फाटत असताना त्याला अजून जोर लावायला सांगत होती. एकालाही थांबावंसं वाटलं नाही.

चित्रा पायऱ्या चढून मंचावर गेली. विंगेतून सर पुढे आले.

"आई, खाली बसा. मूल घडतंय."

"मोडलंय ते," चित्रा म्हणाली. तिने अद्वयच्या हातातला माइक घेतला. "ट्रॅक बंद करा."

ट्रॅक बंद झाला.

"माझा मुलगा मोठा होतोय, म्हणून त्याचा आवाज बदलतोय," ती समोरच्या अंधाराकडे बघत म्हणाली. "ही त्याची चूक नाही. तरी त्याला रेडा म्हटलं गेलं, आणि आम्ही पालक हसलो. त्याचा घसा सुजलाय हे माहीत असून मी त्याला इथे येऊ दिलं. याच अकादमीच्या जिन्यात ऋजुताचा फोटो आहे. तिला आज नीट बोलता येत नाही. आपल्या मुलाला इथे पाठवण्याआधी तिला एकदा भेटा. आता टाळ्या वाजवू नका."

ती मुलाचा हात धरून खाली उतरली. सभागृहात कुजबुज झाली. निवेदिकेने 'काही तांत्रिक अडचणीमुळे' असं म्हणत पुढच्या मुलीचं नाव पुकारलं, आणि पुढची मुलगी आली, आणि गाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळीचा कॅमेरा घशात घालून पडद्यावर दाखवलं. एका स्वरतंतूत रक्त साकळलं होतं. विश्राम पडद्याकडे बघत उभा होता.

"एवढी सूज असताना हा गायला कसा?" डॉक्टरांनी विचारलं. "काही गोळ्या दिल्या होत्या का?"

चित्रा 'नाही' म्हणणार, तेवढ्यात विश्राम खुर्चीवर बसला.

"सरांनी दिलेल्या," तो म्हणाला. "सगळेच घेतात म्हणाले शोच्या आधी. मी त्याला व्हिटॅमिन म्हणून दिल्या."

"सूज दाबायची औषधं असणार ती," डॉक्टर म्हणाले. "दुखणं कळेनासं होतं. जखम होतच राहते."

अद्वयला पूर्ण मौन सांगितलं गेलं. पुढचे काही आठवडे त्या घरात मुलगा डॉक्टरांच्या आज्ञेने गप्प होता आणि बाप शरमेने. सरांचे फोन आले, विश्रामने उचलले नाहीत. पण चित्राने पोलिसांत जाऊ म्हटल्यावर तो दाराकडे बघत म्हणाला, "लोक काय म्हणतील?" तिने एकटीनेच जाऊन तक्रार दिली. हवालदाराने ती लिहून घेतली आणि विचारलं, "गाण्याच्या मास्तरावर? मारलंय का त्यांनी?"

अद्वयचा आवाज पुढे हळूहळू आला. बोलताना तो घोगरा येतो. सुमतीबाईंकडे तो दर शनिवारी जातो, खर्ज लावतो, ऐकतो. तो गाईल की नाही, कुणाला माहीत नाही. हल्ली तो मैदानात मनसोक्त ओरडूही शकत नाही.

आणि अकादमी? ती बंद पडली, लोकांचे डोळे उघडले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या कार्यक्रमातून दोन मुलं वाहिनीवर निवडली गेली, आणि नव्या वर्षात प्रवेशासाठी जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागली. काही पालकांनी चित्राला सोसायटीच्या ग्रुपवर वेड्यात काढलं. तिच्या मुलात दम नव्हता म्हणून गुरूला बोल लावते, असं लिहिलं.

त्या रांगेपाशी, प्रवेशाच्या दिवशी, दोन बायका उभ्या होत्या. चित्रा आणि ऋजुता. सोनल येणार नव्हती, पण थोड्या वेळाने रस्ता ओलांडून तीही आली आणि लेकीच्या बाजूला उभी राहिली.

रांगेतला एक बाप वैतागून म्हणाला, "ओ मॅडम, सरांची किती मुलं टीव्हीवर गेलीयत, माहितीये का?"

"मी गेलेले," ऋजुता म्हणाली. "हा माझा आवाज."

बाप मोबाइलमध्ये डोकं घालून रांगेत पुढे सरकला. बरेच जण तसेच सरकले. एका बाईने मात्र पाय थांबवला. तिच्याबरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, श्रिया, जुनी विद्यार्थिनी, पुढच्या वर्षाची फी भरायला आलेली.

"श्रिया," आईने खाली वाकून विचारलं, "गाताना घसा दुखतो का गं तुझा?"

त्या मुलीने आधी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. सर तिथे नाहीत ना, याची खात्री करून घेतली. मग तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "रोज."

तुमच्या मुलाला हे शेवटचं कधी विचारलंत?